मधुमेहाचे उपचार आणि डॉक्टरांचे मानस : प्रस्तावना

मधुमेहावर कोणते उपचार करावेत, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने बऱ्याच अंशी दिलेले आहे. परंतु ते उत्तर ठाऊक असलेल्या डॉक्टरांच्या हातून ते प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला वेळेवर का येत नाही, या प्रश्नाकडे शास्त्रीय अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले जाऊ लागले ते प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. रुग्णाच्या मनाचा, त्याच्या पथ्यपाण्याचा, गोळ्या चुकवण्याच्या सवयीचा आणि आजाराविषयीच्या त्याच्या भीतीचा विचार मधुमेहविषयक लेखनात विपुल झाला आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या डॉक्टरांनाही मन असते, सवयी असतात, भीती आणि थकवा असतो, आणि या सर्वांचा उपचारांवर मोजता येण्याइतका परिणाम होतो, ही गोष्ट मात्र मराठी वाचकांपुढे क्वचितच मांडली गेली आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी आधी उपचारांच्या उपयुक्ततेविषयी काय सिद्ध झाले आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. अमेरिका व कॅनडा येथे टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीसीसीटी’ या चाचणीने रक्तातील साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी मोठ्या प्रमाणात टळते, हे दाखवून दिले. टाइप २ मधुमेहाबाबत हेच काम ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासाने केले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात २३ केंद्रांमधून ५,१०२ नवनिदान झालेले रुग्ण घेण्यात आले आणि १९९८ मध्ये त्याचे प्रमुख निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातील साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी पातळी दर्शवणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी काटेकोर उपचारांच्या गटात ७.० टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ७.९ टक्के राहिली, आणि एवढ्या फरकाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंती सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे २००८ मध्ये याच रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांच्या साखरेतील फरक मिटल्यानंतरही सुरुवातीच्या नियंत्रणाचा लाभ टिकून राहिल्याचे आढळले. याचा सरळ अर्थ असा, की उपचार वाढवण्यास झालेला प्रारंभीचा विलंब नंतरच्या तत्परतेने पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

अशा पुराव्यांच्या आधारे शिफारशी तयार झाल्या. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णासाठी वर्षातून किमान एकदा व्हाव्यात अशा नऊ गोष्टींची यादी प्रचलित झाली : एचबीए१सी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, दृष्टिपटलाची तपासणी, पावलांची तपासणी, वजन व उंचीचे गुणोत्तर म्हणजे बीएमआय, आणि धूम्रपानाविषयीची चौकशी. यांपैकी एकाही गोष्टीला दुर्मीळ कौशल्य लागत नाही, आणि यांपैकी एकही गोष्ट मधुमेहाच्या रुग्णांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नवीन नसते. तरीही शिफारस आणि व्यवहार यांत अंतर राहते. ब्रिटनमधील टाइप २ मधुमेहाच्या ऐंशी हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हे अंतर वर्षांच्या हिशेबात दाखवतो. एका प्रकारची गोळी चालू असताना एचबीए१सी ७ टक्के किंवा त्याहून अधिक असूनही दुसरी गोळी सुरू होण्यास मध्यकाच्या हिशेबाने २.९ वर्षे लागली, आणि ती ८ टक्क्यांवर गेलेली असतानाही १.६ वर्षे लागली. इन्सुलिनच्या बाबतीत तर विलंब सात वर्षांपर्यंत पोहोचला होता. हे रुग्ण उपचारांपासून दूर राहिलेले नव्हते. ते डॉक्टरांकडे नोंदलेले होते आणि त्यांचे रिपोर्ट त्या नोंदींत होते.

या विलंबाला २००१ मध्ये लॉरेन्स फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नाव दिले, ज्यासाठी मराठीत ‘उपचारातील जडत्व’ असा शब्दप्रयोग करता येईल : दोष दिसतो आहे, उपाय उपलब्ध आहे, तो करावा हेही मान्य आहे, आणि तरीही उपचार आहे तिथेच राहतो. त्यांनी याची तीन कारणे सांगितली. पहिले, आपण देत असलेल्या सेवेचा दर्जा डॉक्टरांना प्रत्यक्षाहून चांगला वाटतो. दुसरे, उपचार न वाढवण्यासाठी वरवर पटणारी परंतु टिकाऊ नसलेली कारणे पुढे केली जातात. तिसरे, ठरावीक लक्ष्यापर्यंत उपचार नेण्याचे शिक्षण आणि त्यासाठी लागणारी कामाची घडी या दोन्हींचा अभाव असतो. यांतील दुसरे कारण महाराष्ट्रातील कोणत्याही दवाखान्यात ओळखीचे वाटेल. दिवाळीचा फराळ झाला, लगीनसराई होती, गावाला जाणे झाले, म्हणून शुगर वाढली; पुढच्या वेळी बघू. यांतील प्रत्येक कारण खरे असू शकते आणि एका भेटीपुरते ते मान्य करणे रास्तही असते. परंतु वर्षभरात असा एखादा निमित्ताचा प्रसंग येतोच, आणि ‘पुढच्या वेळी’ हा निर्णय चार-पाच वेळा घेतला की तोच कोणी न ठरवलेला दीर्घकालीन उपचार होऊन बसतो.

येथपर्यंतचा विचार वैद्यकाच्या परिभाषेत झाला. मानसशास्त्राने त्यात जी भर घातली, ती अशी, की डॉक्टरांची प्रत्येक शिफारसयोग्य कृती, मग ती औषध लिहिणे असो, पाऊल तपासणे असो वा वजनाविषयी बोलणे असो, हे एक मानवी वर्तन आहे आणि अन्य मानवी वर्तनांना लागू होणारे सिद्धान्त त्यालाही लागू होतात. अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेची कल्पना, म्हणजे एखादी विशिष्ट कृती विशिष्ट परिस्थितीत आपल्याला जमेल हा विश्वास, येथे मूलभूत ठरते. कारण आहाराविषयी सल्ला द्यावा हे पटलेले असूनही आपल्या सल्ल्याने कोणाचे वजन उतरत नाही अशी ज्या डॉक्टरांची धारणा झालेली असते, ते हळूहळू तो विषय काढणेच सोडून देतात. आइसेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्ताने वर्तनामागील हेतू तीन गोष्टींनी घडतो असे सांगितले : कृतीविषयीचे आपले मत, आपल्या वर्तुळातील लोकांची अपेक्षा, आणि कृती आपल्या हातात आहे ही जाणीव. परंतु दृढ हेतूदेखील कृतीत उतरेलच असे नाही, हे ध्यानात आल्यावर पीटर गॉलविट्झर यांनी ‘जर-तर’ योजनेची कल्पना मांडली : अमुक प्रसंग आला तर अमुक कृती करायची, असे आधीच ठरवून ठेवले की हेतू आणि कृती यांना जोडणारा दुवा तयार होतो. याच्या जोडीला अडथळ्यांची योजना येते. म्हणजे वेळ अपुरा पडला, रुग्णाने नकार दिला किंवा रिपोर्ट आणलाच नाही, तर काय करायचे हेही आधीच ठरवणे.

या सिद्धान्तांची मधुमेहाच्या संदर्भातील एक महत्त्वाची कसोटी ब्रिटनमधील ‘आयक्वाड’ या संशोधनात झाली. ९९ प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील डॉक्टर व परिचारिका यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेऊन सहा शिफारसयोग्य कृतींचा अभ्यास करण्यात आला : रक्तदाबासाठी औषध वाढवणे, साखरेसाठी औषध वाढवणे, मधुमेहाविषयी शिक्षण देणे, वजनाविषयी सल्ला देणे, स्वतःची काळजी घेण्याविषयी मार्गदर्शन करणे आणि पावले तपासणे. या संशोधनातून २०१४ मध्ये जस्टिन प्रेसो आणि सहकाऱ्यांनी मांडलेला निष्कर्ष विशेष विचारार्ह आहे. माणसाच्या वर्तनामागे दोन प्रक्रिया काम करतात, एक विचारपूर्वक चालणारी आणि दुसरी सवयीने आपोआप घडणारी, असे मानणारे जे द्विविध प्रक्रियेचे प्रतिमान आहे, ते दोन्ही प्रकारची औषधे लिहिणे, वजनाचा सल्ला आणि पावलांची तपासणी या कृतींना लागू पडले. मधुमेहाचे शिक्षण आणि स्वतःची काळजी घेण्याविषयीचे मार्गदर्शन यांच्याबाबत मात्र हेतूकडून योजनेकडे आणि योजनेकडून कृतीकडे जाणाऱ्या विचारपूर्वक प्रक्रियेलाच आधार मिळाला. म्हणजे ‘मधुमेहाची सेवा’ या एकाच नावाखाली येणाऱ्या कृतींची मानसिक घडण एकसारखी नसते, आणि एका कृतीसाठी योजलेला उपाय दुसरीला लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

हे जवळून पाहायचे तर पावलाच्या तपासणीइतके बोलके उदाहरण नाही. मधुमेहात मज्जातंतू बधिर होत जातात, त्यामुळे पावलाला झालेली जखम दुखत नाही. न दुखणारी जखम रुग्ण सांगत नाही, आणि न सांगितलेली गोष्ट तपासण्याचा संकेत डॉक्टरांच्या मनाला मिळत नाही. तपासणी साधी आहे. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू अंगठ्याच्या व चवड्याच्या ठरावीक जागी तो किंचित कमानदार होईपर्यंत टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने स्पर्श जाणवताच ‘हो’ म्हणायचे. १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने कंपनाची जाणीव पाहायची. पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी चाचपायची. बोटांच्या बेचक्यांत भेग, भोवरी किंवा बुरशी आहे का ते बघायचे. काही मिनिटांच्या या कामात अडथळे मात्र अनेक : मोजे काढणे, रुग्णाला तपासणीच्या टेबलावर घेणे, बाहेर ताटकळणारी रांग, आणि तपासून बहुधा काहीच निघत नाही हा अनुभव. महाराष्ट्रातील अनेक दवाखान्यांत रुग्ण चपला दाराबाहेर काढून आत येतो. पावले उघडीच असतात, तरी ती तपासली जातातच असे नाही. डॉक्टरांसमोर पाय वर करणे हा उद्धटपणा वाटून रुग्ण संकोचतो, डॉक्टरही तो संकोच मोडत नाहीत. अशा ठिकाणी आणखी एका व्याख्यानापेक्षा संकेताची व्यवस्था अधिक उपयोगी पडते : वजनकाट्याजवळच पावले पाहण्याची जागा ठेवणे, केसपेपरवर पावलाचा रकाना छापणे, किंवा आत येण्यापूर्वी परिचारिकेने पावले पाहून नोंद करणे. अशा रीतीने कृती एकदा सवयीचा भाग झाली की तिला दर वेळी निश्चयाची गरज उरत नाही.

इन्सुलिनचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे सवयीपेक्षा भीतीचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये १३ देशांत, भारतासह, झालेल्या ‘डॉन’ या पाहणीने रुग्ण आणि उपचार करणारे या दोहोंच्या मनांचा शोध घेतला, आणि विशेषज्ञांच्या तुलनेत सर्वसाधारण डॉक्टर व परिचारिका इन्सुलिन लांबणीवर टाकण्याकडे अधिक झुकतात असे तीत दिसले. या झुकावामागे मानसशास्त्रात सुपरिचित असलेला एक पक्षपात असू शकतो : स्वतः केलेल्या कृतीतून झालेले नुकसान माणसाला कृती न केल्यामुळे झालेल्या तेवढ्याच नुकसानीपेक्षा अधिक दोषास्पद वाटते. इन्सुलिनमुळे साखर एकाएकी उतरली, रुग्णाला घाम सुटून तो भोवळ येऊन पडला, तर त्याचे नातेवाईक त्याच संध्याकाळी दारात उभे राहतात. इन्सुलिन न दिल्यामुळे सात वर्षांनी दृष्टी गेली, तर तिचा हिशेब कोणाच्याही नावावर लिहिला जात नाही. याला आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. ‘पथ्य पाळले नाहीत तर इन्सुलिन सुरू करावे लागेल’ हे वाक्य डॉक्टर सद्‌हेतूनेच उच्चारतात. पण त्यातून इन्सुलिन ही शिक्षा ठरते, आणि पुढे खरोखर गरज पडते तेव्हा स्वतःच उभी केलेली भिंत स्वतःलाच पाडावी लागते.

निदान आणि सल्ला यांवर मनातील ठोकळेबाज चित्रांचाही प्रभाव असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनच्या जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली : दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही चरबी बाळगून असू शकते, हे त्यातून अधोरेखित झाले. मधुमेहाचा रुग्ण म्हणजे स्थूल माणूस, अशी प्रतिमा मनात असलेल्या डॉक्टरांसमोर सडपातळ माणूस येतो, तेव्हा त्याच्या तपासणीचा आणि आहार-व्यायामाच्या सल्ल्याचा विचार मागे पडण्याची शक्यता असते. स्थूल रुग्णाच्या बाबतीत उलटा धोका असतो; त्याच्या प्रत्येक वाढलेल्या रिपोर्टाचे कारण त्याच्या खाण्यातच शोधले जाते आणि औषध अपुरे पडत असेल, हा विचार उशिरा येतो. दुसऱ्याच्या अपयशाचे कारण त्याच्या स्वभावात आणि स्वतःच्या अपयशाचे कारण परिस्थितीत पाहण्याची ही प्रवृत्ती सर्वसामान्य आहे. दवाखान्यात मात्र तिची किंमत रुग्ण मोजतो.

भावनांचा परिणाम केवळ नकारात्मकच असतो असे नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी २९ कौटुंबिक डॉक्टर आणि त्यांच्याकडील मधुमेहाचे ८९१ रुग्ण यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. सहानुभावाच्या मोजणीत वरच्या गटात आलेल्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर चांगल्या नियंत्रणात होती, तर खालच्या गटातील डॉक्टरांच्या बाबतीत हे प्रमाण ४० टक्के होते. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही रुग्णाची बाजू समजून घेणे ही सौजन्याची बाब मानून उपचारांच्या कक्षेबाहेर ठेवता येणार नाही, एवढे त्यातून सूचित होते. थकलेल्या, एकामागून एक रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडे हा सहानुभाव दिवसअखेर किती उरतो, हा प्रश्न मग वैयक्तिक चांगुलपणाचा न राहता कामाच्या रचनेचा होतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. उपचार न वाढवण्याचा प्रत्येक निर्णय जडत्वाचा नसतो. २००८ मध्ये ‘अकॉर्ड’ या १०,२५१ रुग्णांच्या चाचणीत एचबीए१सी ६ टक्क्यांखाली नेण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाल्यामुळे तो काटेकोर उपचार मुदतीपूर्वी थांबवावा लागला. एकट्या राहणाऱ्या, साखर वारंवार उतरणाऱ्या, मूत्रपिंडे कमकुवत झालेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत थांबणे हाच विवेक असू शकतो. थांबण्याचा निर्णय विचारपूर्वक घेऊन त्याचे कारण केसपेपरवर लिहिले गेले आहे, की निर्णय घेण्याचेच राहून गेले आहे, हा दोहोंतील फरक आहे, आणि हे विवेचन केवळ दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

मनाचा विचार परिस्थितीपासून तोडला तर तो डॉक्टरांवरील आरोपपत्र होऊन बसतो. सुसान मिकी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या ‘कॉम-बी’ प्रतिमानानुसार वर्तनासाठी क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी लागतात. प्रेरणा कितीही प्रबळ असली तरी संधीचा अभाव ती एकटी भरून काढू शकत नाही. भारतात हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांना तपासणीचा खर्च खिशातूनच करावा लागतो, आणि तो जाणणारे डॉक्टर तपासणी लिहिताना अडखळतात. डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवले तर रुग्णाला ‘कट प्रॅक्टिस’चा, म्हणजे पाठवण्याबद्दल दलाली घेतल्याचा, संशय येईल, ही भीती प्रामाणिक डॉक्टरांनाही गप्प बसवू शकते. इन्सुलिनचे नाव काढले की रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईल, ही चिंताही निराधार नसते. हे अडथळे मनात जाणवतात, पण त्यांची मुळे आरोग्यव्यवस्थेत असतात.

म्हणूनच उपायही दोन्ही पातळ्यांवर शोधावे लागतात. डॉक्टरांच्या कामाची मोजणी करून ती त्यांना परत दाखवणे हा एक परिचित उपाय आहे. १४० चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०१२ मधील कॉक्रेन समीक्षेत त्याचा मध्यक लाभ ४.३ टक्के गुणांचा, म्हणजे माफक पण खरा, आढळला. स्वतःच्या सेवेविषयीचा अतिरिक्त विश्वास दूर करण्यास तो उपयोगी पडतो, सवय घडवण्यास मात्र एकटा पुरत नाही. भारत आणि पाकिस्तानातील दहा केंद्रांत १,१४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कार्स’ चाचणीने अधिक व्यापक मार्ग चोखाळला. डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समन्वयक रुग्णांचा पाठपुरावा करत आणि निर्णयास साहाय्य करणारी संगणकीय नोंदव्यवस्था डॉक्टरांना पुढील पाऊल सुचवत असे. साखरेचे लक्ष्य आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक लक्ष्य गाठणाऱ्यांचे प्रमाण या गटात १८.२ टक्के झाले, तर नेहमीच्या सेवेत ते ८.१ टक्के राहिले. औषधे दोन्ही गटांना उपलब्ध होती. भर पडली ती आठवणीची, पाठपुराव्याची आणि निर्णयाच्या क्षणी मिळणाऱ्या आधाराची. त्याच वेळी हा आधार मिळालेल्या गटातही पाचांपैकी चारांहून अधिक रुग्ण लक्ष्यापासून दूर राहिले, हेही विसरता येत नाही.

या सर्व विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा एकच आहे. सवय बदलणे किती अवघड असते, केवळ माहितीने माणूस कसा बदलत नाही, धमकीने तो कसा दुरावतो आणि छोट्या, ठोस योजनेने तो कसा पुढे जातो, हे मधुमेहाचे डॉक्टर आपल्या रुग्णांच्या बाबतीत रोज अनुभवतात. तेच ज्ञान त्यांच्या स्वतःच्या कामालाही लागू आहे, हे मान्य केले तर उपचारांतील अंतर दोषारोपाविना तपासता येते. वैद्यकीय महाविद्यालयांनी औषधांच्या मात्रांबरोबर निर्णयाचे मानसशास्त्र शिकवावे, रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनी परिपत्रकांच्या आधी ओपीडीची घडी पाहावी, आणि डॉक्टरांनी ‘पुढच्या वेळी बघू’ असे म्हणताना पुढच्या वेळी नेमके काय पाहायचे आणि तेव्हा आकडा तसाच असेल तर काय करायचे, हे त्याच दिवशी रुग्णाला सांगून केसपेपरवर लिहावे, एवढी अपेक्षा या अभ्यासातून रास्तपणे निघते. ती मोठी वाटणार नाही. परंतु मधुमेहाची बरीचशी हानी न घेतलेल्या लहान निर्णयांच्या साचण्यातून होते, आणि म्हणून ती टाळण्याची सुरुवातही अशा लहान, लिहून ठेवलेल्या निर्णयांपासूनच व्हावी लागेल.